आई-बाबांसाठी गाडी घ्यायचीय? आधी टेप काढा, मग ब्रोशर

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि ‘बाबांची जुनी गाडी आता बदलूनच टाकू’ हा विषय घरोघरी निघाला. आई-बाबा सोलापुरात, पोरगा पुण्यात, नाहीतर बंगळुरात. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून मॉडेल ठरवलेलं असतं. बाबांचा प्रश्न एकच, ‘अॅव्हरेज किती?’ आणि जिला अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असं सगळीकडं मागच्या सीटवर बसून जायचंय, त्या आईला कुणी काही विचारलेलंच नसतं.

गाडी आई-बाबांची असेल तर ती तीन गोष्टींवर ठरते: त्यांचे गुडघे, त्यांची गल्ली आणि महिन्याला पडणारे किलोमीटर. व्हिडिओत या तिन्हींचा पत्ता नसतो.

कर उतरला, पण नेमका कोणत्या गाडीवर?

‘लहान गाडी’ कशाला म्हणायचं याच्या दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम पाळल्या जाव्या लागतात. लांबी ४ मीटरच्या आत हवी. शिवाय पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. अशा गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ किंवा ३ टक्के सेस लागायचा, आता सरळ १८ टक्के. मूळ किंमत ६ लाख धरली तर पेट्रोल गाडी करासह ७ लाख ७४ हजारांना पडायची, ती ७ लाख ८ हजारांना पडते. म्हणजे ६६ हजारांचा फरक.

एक अट जरी मोडली तरी कर ४० टक्के. म्हणून इंजिन एक लिटरचं पण गाडी सव्वाचार मीटर लांब, असं असेल तर ती वरच्या खान्यात जाते. बाजारातल्या कितीतरी गाड्यांची लांबी ३९९० नाहीतर ३९९५ मिलिमीटरच का असते, आणि काहींची डिकी मागून कापल्यासारखी का दिसते, याचं उत्तर या चार मीटरच्या रेषेत आहे. बॅटरीच्या गाड्यांवर आधीही ५ टक्के होता, आजही तोच आहे. आणि विम्यावरचा जीएसटी माफ झाला तो आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींचा. गाडीच्या विम्यावर १८ टक्के चालूच आहे; कोटेशनमध्ये तो दिसला तर शोरूमवाल्याशी भांडू नका.

आईला आधी बसवा

शोरूममध्ये शिरल्यावर सगळे स्टिअरिंगकडं धावतात. तुम्ही मागचं दार उघडा.

गुडघे दुखणाऱ्या माणसानं गाडीत बसायची सोपी पद्धत अशी: गाडीकडं पाठ करून उभं राहायचं, सीटच्या कडेवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आईला तसं उभं करा आणि सीटची कड पायाला कुठं लागते ते बघा. मांडीच्या मध्याला लागली तर झकास. गुडघ्याला लागली तर गाडी बसकी आहे. आत बसताना अंग खाली टाकावं लागणार आणि उठताना कुणीतरी हात धरून ओढावं लागणार. कड कमरेजवळ लागत असेल तर बसायचं नाही, चढायचं आहे. टेपनं मोजायचं तर बैठ्या सेडानची सीट जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटरवर असते, उंच हॅचबॅकची ६० च्या आसपास, छोट्या एसयूव्हीची ६५ ते ७०. मॉडेलगणिक फरक पडतो, म्हणून ब्रोशरवर भरवसा नको. ‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांमधलं अंतर. त्यावरून सीटची उंची कळत नाही.

मग दाराचा उंबरा. सीटच्या बाहेर पत्र्याची पट्टी किती रुंद आहे आणि आतली जमीन त्या पट्टीपेक्षा किती खोल आहे, ते हात घालून बघा. उंबरा रुंद असला की पाय लांब टाकावा लागतो आणि साडीची निरी त्या कडेवर घासते. पावसाळ्यात कडेला काळ्या मातीचा चिखल असतोच. जमीन खोल असली की उतरताना पाय आधी वर उचलावा लागतो, आणि दुखरा गुडघा नेमकं तेच नाकारतो. यावर शोरूमवाला बाहेरून पायदान लावून देतो म्हणतो. पायदान गाडीच्या अंगाबाहेर फारच थोडं येत असेल तर त्यावर पाऊल मावत नाही. जास्त बाहेर आलं तर नडगी आपटते. गाडी खरंच उंच असेल तरच त्याचा उपयोग.

दार किती अंशात उघडतं, तेही बघायचं. काही गाड्यांचं मागचं दार जेमतेम साठ-पासष्ट अंश उघडतं आणि पाऊल पुढच्या सीटच्या मागे अडकतं. छत मागं उतरतं असेल तर आत जाताना डोकं आपटतं. आजकाल या आकाराची फॅशन आहे, म्हाताऱ्या माणसांना ती गैरसोयीची. धरायला छतालगत मूठ आहे का? पुढच्या दोन्ही बाजूंना आहे का? ड्रायव्हरच्या बाजूला पुष्कळदा नसते, आणि बाबांनाही गुडघे असतात.

हे सगळं आईनं रोजच्या साडीत, रोजच्या चपलेत करून बघायचं. बसली की वीस मिनिटं बसू द्या. वीस मिनिटांनी मांडीखाली आधार कमी पडतो का, खिडकीची कड इतकी वर आहे का की बाहेरचं दिसत नाही आणि मळमळतं, हे तीच सांगेल. एसी लावून बघा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो. मागच्या सीटसाठी वेगळ्या जाळ्या असणं ही इथं चैन नाही. सनरूफबद्दल मात्र आमचं मत सरळ आहे: वर्षातले आठ महिने जी काच पडदा ओढून बंद ठेवायची, तिच्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नये.

गल्लीत मावेल का?

जुन्या पेठांतल्या वाड्यासमोर गाडी लावायची असेल तर लांबीपेक्षा रुंदी नडते. ब्रोशरमध्ये लिहिलेली रुंदी आरसे सोडून असते. आरसे धरले की वीसेक सेंटिमीटर वाढतात. फाटकाची रुंदी मोजा. आत लावल्यावर भिंत आणि दार यांत किमान ६० सेंटिमीटर जागा सुटते का ते बघा, नाहीतर आईला दर वेळी रस्त्यातच उतरावं लागेल. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या बंगल्यांत जागा असते, पण तिथं फाटकाचा उतार चांगलाच उभा असतो. पुढचे दोन चाक वर आणि मागचे दोन खाली असताना पोट घासतं ते याच जागी. टेस्ट ड्राइव्हची गाडी थेट घरी बोलवा आणि चार माणसं बसवून उतारावरून एकदा आत-बाहेर करा. रिकाम्या गाडीची परीक्षा खरी नव्हे.

पेट्रोल, सीएनजी, डिझेल की बॅटरी?

इथं भावनेपेक्षा वही-पेन बरं.

समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि शहरात गाडी १५ किलोमीटर देते. किलोमीटरला ७ रुपये झाले. सीएनजी ९५ रुपये किलो धरा आणि किलोला २२ किलोमीटर. किलोमीटरला सव्वाचार-साडेचार रुपये. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २ रुपये ७० पैसे वाचतात. सीएनजीचं मॉडेल ९५ हजारांनी महाग असेल तर ते पैसे फिटायला ३५ हजार किलोमीटर चालवावं लागेल. निवृत्त बाबा महिन्याला ५०० किलोमीटर चालवतात: बाजार, दवाखाना, एखादं अक्कलकोट. त्यांना फिटायला जवळजवळ सहा वर्षं. तोच हिशेब रोज पन्नास किलोमीटर ये-जा करणाऱ्याला दोन वर्षांत सुटतो. महाराष्ट्रात सीएनजीवरचा वाहनकर पेट्रोलपेक्षा कमी आहे, त्यामुळं फरक थोडा आत येतो. आजचे भाव घालून तुमचा आकडा तुम्हीच काढा.

पैशापलीकडं दोन गोष्टी कुणी सांगत नाही. सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं, हा सुरक्षेचा नियम आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला दर दीड-दोनशे किलोमीटरला उन्हात उतरवायचं का, हा विचार करा. दुसरं, टाकी डिकीत. घरात वॉकर किंवा घडीची व्हीलचेअर असेल तर ती टाकीच्या वर मावते का, हे ती सोबत नेऊन बघा. काही मॉडेलांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात, तिथं सामान जातं. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

डिझेलची चूक सगळ्यात महाग पडते. बीएस-६ म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांत बसणाऱ्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये धुराची काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जाळीत साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी हायवेच्या वेगानं पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते. घरातली चूल महिनाभर नुसती धुमसत ठेवली तर धुराडं भरतं, तसंच हे. नवी पेठ ते विजापूर रोड एवढंच रोज जाणाऱ्याची जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि त्याकडं दुर्लक्ष केलं तर वर्कशॉपचं बिल घाम फोडतं. महिन्याला दोन-तीन वेळा पुणे, हैदराबाद असेल तरच डिझेल.

बॅटरीची गाडी शहरात फिरणाऱ्या ज्येष्ठांना खरं तर छान जुळते: गिअर नाही, आवाज नाही, पंपावरची रांग नाही. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३ युनिट तासाला भरतात, म्हणजे ३० युनिटची बॅटरी रात्रभरात भरते. पण स्वतःची पार्किंग आणि नीट अर्थिंग हवं. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायचा जुगाड करू नका. आणि कंपनीनं सांगितलेलं अंतर उन्हाळ्यात, एसी लावून, हायवेवर मिळत नाही. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर आहे, मध्ये एकदा थांबायची तयारी ठेवूनच हिशेब करा.

‘ई-२० नं इंजिन खराब होतं म्हणे?’

ई-२० म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते उसाच्या मळीपासून, रसापासून आणि धान्यापासूनही होतं, आणि आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांनाही हा धंदा नवा नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी पाइप, सील वगैरे ई-२० चालेल अशा साहित्याचे असतात. तेव्हा नव्या गाडीला ही भीती नको. अॅव्हरेज मात्र थोडं उतरतं, कारण लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचात एक भाग इथेनॉल, त्यामुळं शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत घट सहा-सात टक्क्यांच्या घरात. खरी काळजी उभ्या गाडीची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आई-बाबा दोन महिने तुमच्याकडं राहायला येणार असतील तर टाकी तळाशी आलेली ठेवून येऊ नये.

ऑटोमॅटिक घ्यावी का?

घ्यावी. पण कोणती, ते समजून. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली वेगवेगळी यंत्रं विकली जातात.

सगळ्यात स्वस्त ती एएमटी. गिअरबॉक्स साधाच, हातानं टाकायचाच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला आत एक यंत्र बसवलेलं. जणू तुमच्या जागी कुणी नवशिक्या क्लिनर क्लच मारतोय. त्यामुळं गिअर बदलताना गाडी किंचित अडखळते, मागं बसलेल्याची मान हलते. मॅन्युअलपेक्षा साधारण अर्ध्या लाखानं महाग, अॅव्हरेज जवळपास तेवढंच.

सीव्हीटी समजायला सोलापूरकराला वेळ लागू नये. जुन्या कारखान्यात शाफ्टवरच्या पुलीला पट्टा लावून माग चालवायचे. पुली लहान-मोठी केली की मागाचा वेग बदलायचा. सीव्हीटीत पट्टा आणि दोन पुल्या आहेत, फक्त पुल्यांचा घेर चालता चालता आपोआप कमी-जास्त होतो. गिअर बदलल्याचा झटका नाहीच. म्हणून पाठदुखीवाल्यांना ही सगळ्यात आरामाची. जोरात अॅक्सिलेटर दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, त्याची सवय करावी लागते.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन पंखे: एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो. वाऱ्याच्या जागी इथं तेल. चढावर दमदार, टिकाऊ, पण महाग आणि पेट्रोल थोडं जास्त पिणारी.

कुठलीही घ्या, ‘हिल होल्ड’ हवंच. ब्रेकवरचा पाय अॅक्सिलेटरवर नेईपर्यंतचे दोन-तीन सेकंद गाडी चढावर थोपवून धरणारी ती सोय. एखाद्या रेल्वे पुलाच्या चढावर, रांगेत, गाडी थांबवून पुन्हा काढून बघा.

आणि हा धोका आधी सांगा. तीस वर्षं क्लच मारलेल्या बाबांचा डावा पाय गडबडीत आपोआप खाली जातो. तिथं आता क्लच नसतो, रुंद ब्रेक असतो. गाडी जागच्या जागी गच्चकन थांबते आणि मागची मोटारसायकल येऊन आदळते. उपाय सोपा आहे: डावा पाय कायम मागं, टाच सीटजवळ; ब्रेक आणि अॅक्सिलेटर दोन्ही उजव्यानंच. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर तीन-चार वेळा सराव झाल्याशिवाय सात रस्ता चौकाच्या गर्दीत काढू नये.

‘बाबा चाळीसच्या वर जातच नाहीत, सेफ्टी कशाला?’

बाबा जात नाहीत, समोरचा जातो. भारत एनकॅप ही आपल्याकडची धडक-चाचणी २०२३ साली सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आपटतात आणि मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे तारे देतात. नातवंडं येणार असतील तर दुसरा आकडाही बघा. चाचणी कंपनीनं स्वतःहून द्यायची असते, तेव्हा तारे नाहीत म्हणजे गाडी वाईटच असं नाही. तिची परीक्षा झालेली नाही, इतकंच.

आपल्या भागात मात्र ताऱ्यांइतकाच मान हेडलाइटला द्यावा. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. दोन-दोन ट्रॉल्या एकामागं एक, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरवर उसाचं वाढं लोंबतंय. साठीनंतर डोळ्यांना कमी उजेडात उशिरा दिसतं आणि समोरच्या गाडीच्या अपरवर, म्हणजे हेडलाइटच्या वरच्या झोतावर, दिपतं. म्हणून टेस्ट ड्राइव्ह एकदा अंधार पडल्यावर घ्या, तीही बाबांना चालवायला देऊन. लोअरवर रस्त्याची डावी कड किती लांबपर्यंत दिसते ते त्यांनाच विचारा. मागची काच पुसणारा वायपर आणि रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांची चमक कमी करणारा आतला आरसा, या दोन स्वस्त गोष्टी नसतील तर त्या मॉडेलच्या वरचं बघा.

कोटेशन वाचताना

‘ऑन रोड’ म्हणजे शोरूम किमतीत वाहनकर, विमा आणि किरकोळ खर्च मिळवून. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलवर १३ ते १५ टक्के कर. किंमत १० लाखांवर गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ गोळा करायचा आयकर, घेतात. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात परत मिळतो किंवा वळता होतो. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची, ते विचारा. तो सरकारी कर नव्हे, विक्रेत्याची भर आहे, आणि बहुतेकदा विचारल्यावर पुसली जाते.

विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून दर मागवून तो समोर ठेवा. आणि इथंच घराघरांत पैसे सांडतात: बाबांनी पाच वर्षं क्लेम केला नसेल तर त्यांच्या नावावर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यात सूट, जमलेला असतो. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावायचं. पण कर्ज सोपं जावं म्हणून नवी गाडी मुलाच्या नावावर घेतली, तर बाबांचा बोनस तिला लागत नाही.

कर्जाचा एक आकडा: ८ लाख, ९ टक्के. पाच वर्षांचा हप्ता सुमारे १६,६०० रुपये, सात वर्षांचा १२,९००. हप्ता हलका दिसतो, पण व्याज ८५ हजारांनी जास्त जातं.

बाबांचं लायसन्स काढून तारीख बघा. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. तारीख उलटलेली असताना अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला तेवढं पुरतं.

जुनी गाडी ओळखीच्याला दिली असेल तर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून भागत नाही. आरसी बुकावर नवं नाव चढल्याची नोंद परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. ती होईपर्यंत त्या गाडीची चलनं बाबांच्याच मोबाइलवर येत राहतील.